गुंड भरायला किती वेळ लागतो

आमच्या सुनेनं घरी इंटरनेटवाल्याला बोलावलं आणि तो तिला खोटी ठरवून गेला. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे.

मी आता मनीषनगरात मुलाच्या घरी राहतो. संध्याकाळी सून आतल्या खोलीत बसून ऑफिसचं काम करते, तेव्हा तिच्या कॉम्प्युटरवरची माणसं बोलता बोलता तोंड उघडं टाकून थांबतात. तिनं मोबाइलवर स्पीड मोजला, आकडा लहान. दुसऱ्या ॲपनं मोजला, आकडा तिसराच. तिनं कंपनीला फोन केला. दोन दिवसांनी भरदुपारी माणूस आला. त्यानं आपला लॅपटॉप वायरनं थेट भिंतीवरच्या डब्याला जोडला, मोजलं, आणि स्क्रीन तिच्या नाकासमोर धरली.

"मॅडम, फुल येऊन राहिलं. तुमचा मोबाइल चुकीचं दाखवते."

सून गप्प बसली. मी नाही बसलो. "काय गा," मी म्हटलं, "तू कधी मोजलं? दुपारी. ती कधी मोजते? सारी बिल्डिंग कामावरून घरी येते तेव्हा. तू कुठं मोजलं? डब्याच्या तोंडाशी. ती कुठं बसते? दोन भिंतींच्या आड. मग ती खोटी कशी झाली?"

"बाबाजी, तुम्हाले नाही समजत त्यातलं," तो म्हणाला आणि बॅग उचलून गेला.

नंतर सुनेनंच मला समजावलं. ही ॲपं कुठल्या तरी दूरच्या मशीनकडे जाऊन येतात आणि किती वेळ लागला ते सांगतात. एक ॲप नागपुरातल्याच मशीनला विचारतं, दुसरं पार मुंबईच्या पलीकडच्या. एक ॲप एकाच वेळी चार दोर टाकून ओढतं, दुसरं एकच दोर टाकतं. मोबाइल जुना असला तर त्याचाच जीव तेवढा. म्हणजे आकडे सगळे खरे, पण प्रत्येकाला विचारलेला सवाल वेगळा. मी मान हलवली. हे मला नव्यानं कळलं असं नाही. हे मी पन्नास वर्षांपूर्वी नळावर शिकलो होतो, आणि शिकलो म्हणजे काय, माझ्या बायकोला चार लोकांत खोटी म्हटलं गेलं ते उभ्यानं पाहिलं.

तिला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. ती असती तर त्या इंटरनेटवाल्याला चहा पाजत पाजत संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं असतं.

तेव्हा आम्ही पूर्व नागपुरात विणकरांच्या वस्तीत राहत होतो. एकोणीसशे सत्तरच्या पुढची सालं असतील. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंनी घरं, आणि प्रत्येक घरात माग. गल्ली पुढून मागं चढत जायची. आमचं घर अगदी शेवटचं, चढावर. नळाची लाइन टाकली तेव्हा गल्लीत मोजकी घरं होती म्हणे, म्हणून पाइपही तसाच टाकला, अंगठ्याएवढा. मग घरं वाढली. ज्यानं त्यानं त्याच पाइपातून आपापल्या अंगणात नळ घेतला. पाइप मात्र तोच राहिला. नळाला पाणी दिवसभर असे, ही आमच्या भागाची मोठी श्रीमंती समजली जायची. पण सकाळी सगळ्यांनी नळ सोडले की पुढच्या घरात पाणी धो धो आणि आमच्याकडे सुतासारखं. सूत तरी बरं, ते तुटलं तर जोडता येतं.

आम्हाला पाणी सकाळीच पाहिजे असे. ताण्याला म्हणजे उभ्या सुताला खळ लावायची असते, आणि ते काम ऊन चढायच्या आत करावं लागतं. ऊन चढलं की खळ लावता लावताच वाळते, सूत कडक होतं आणि मागावर तुटत बसतं. खळ शिजवायचं काम बायकोचं. आधी घरचं प्यायचं पाणी, मग खळीचं. ती नळाखाली गुंड लावायची आणि कणीक मळायला बसायची. कणीक मळून व्हायची, तिच्यावर तेलाचा हात फिरायचा, कणीक झाकून व्हायची, तरी गुंड गळ्याशी आलेला नसे. मी ताणा पसरून गल्लीत उभा. वर सूर्य माझ्याकडे पाहून राहिलेला.

गुंड म्हणजे आमच्याकडे पाणी भरायचं पितळी भांडं, कळशीपेक्षा मोठं. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पहिला तमाशा त्याच्यावरूनच झाला.

बायकोनं ठरवलं की नळाच्या ऑफिसात अर्ज द्यायचा. तिचं माहेर कुहीकडचं, धानाच्या बांधीत पाणी कोणी अडवलं तर सरळ त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे ती लहानपणापासून पाहत आलेली. पाइप मोठा टाकून द्या, एवढीच मागणी. अर्ज मी लिहिला. मी चौथीपर्यंत शिकलेलो, पण अक्षर बरं होतं. पहिली सही तिची, कारण बाकीच्या बायका म्हणाल्या, "तुयं घर शेवटचं, तू पयली." मी लिहिलं होतं ते असं: रोज सकाळी प्रत्येक अंगणात नळाशी गुंडांची रांग लागते. एकेका गुंडापायी फार वेळ जातो. गुंडांवरून बायकांची भांडणं होतात. तरी साहेबांनी स्वतः येऊन पाहावं.

काही दिवसांनी गल्लीत साहेब आला नाही, हवालदार आला. लाठी घेऊन.

"इथं सकाळी सकाळी कोण गुंड येऊन बसून राहिले?" त्यानं दरडावून विचारलं. "बायकांले त्रास देऊन राहिले म्हणे."

बायको अंगणात होती. तिनं ओळीनं मांडलेल्या पितळी भांड्यांकडे बोट केलं. "हे पाहा न, बसलेच हायेत. घेऊन जा चौकीत."

हवालदार आमच्याकडचाच होता. त्यानं भांड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि लाठी भिंतीला टेकवून असा हसला की शेजारचा माग थांबला. "अवं माय," तो डोळे पुसत म्हणाला, "ऑफिसात नवा साहेब आला, तिकडचा, पुण्याकडचा. तिकडं गुंड म्हणजे मवाली! त्यानं अर्ज वाचला अन् चौकीत धाडून देला." मग त्यानं त्याच गुंडातलं पाणी मागून घेतलं आणि जाताना सांगितलं, "दुसरा अर्ज लिहा. घागर म्हणा घागर."

सारी गल्ली आठवडाभर हसत होती. मीही हसलो. ज्याला आमचं भांडं माहीत नाही, तो आमचं पाणी मोजणार, हे तेव्हाच समजून घ्यायला पाहिजे होतं.

दुसरा अर्ज गेला, घागर लिहून. मग साहेब आला. तरुण होता, कपडे स्वच्छ, सोबत बादली धरायला एक माणूस. वेळ सकाळी अकराची. अकरा ही सकाळ ऑफिसची असेल, आमची नव्हती. अकरापर्यंत आमची धुणीभांडी होऊन, खळ लागून, बायका बाण्याच्या सुताच्या कांड्या भरायला बसलेल्या असायच्या. सगळे नळ बंद.

त्यानं आधी गल्लीच्या तोंडाशी, पहिल्या घरी मोजलं. नळाखाली बादली, हातात घड्याळ. बादली भरली, तो समाधानानं मान हलवून परत निघाला. बायकोनं त्याला अडवलं. "साहेब, तक्रार शेवटच्या घरची हाय, पयल्या घरची नाही."

तो चिखल चुकवत वर आमच्या घरापर्यंत आला. नळ सोडला. दुसऱ्या कोणाचा नळ चालू नाही म्हटल्यावर पाणी येणारच. बादली लगेच भरली आणि वरून सांडली.

"बाई, हा नळ आहे की धबधबा?"

"साहेब, हे अकराचं पाणी हाय. सकाळचं पाहा."

"सकाळचं पाणी वेगळं आणि अकराचं वेगळं असतं का? टाकी तीच, पाइप तोच."

"पाइप तोच हाय, पण त्याले तोंडं किती हायेत ते मोजलं काय तुम्ही?"

तो माझ्याकडे वळला, जणू ती बोललीच नाही. "अहो, समजवा यांना. मी मोजलंय. घड्याळ लावून मोजलंय. ह्यांनी कशानं मोजलं?"

"कणीक मळून," बायको म्हणाली.

बादलीवाला फिसकन हसला. साहेबानं त्याला म्हटलं, चांगलं मोठ्यानं, दारादारांत उभ्या असलेल्या बायकांना ऐकू जाईल असं: "खोटी तक्रार आहे. लिहून घ्या, खोटी."

मला आजही विचारायचं आहे. घड्याळ खरं आणि कणीक खोटी, हे कोणी ठरवलं? घड्याळानं अकराचं पाणी मोजलं. कणकेनं सकाळचं. दोघांनीही बरोबरच मोजलं. पण एकाच्या हातात कागद होता.

इथं एक दुसरी गोष्ट सांगतो, नाही तर मला पुढचं लिहिता येणार नाही. शेवटच्या आजारात आम्ही तिला रामदासपेठेत दवाखान्यात नेलं होतं. ती म्हणाली, "छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटून राहिलं." त्यांनी मशीन लावलं. मशीन म्हणालं ठीक आहे. तिथली मुलगी गोड बोलायची, ती म्हणाली, "आजी, मशीनमध्ये तर काही येत नाहीये, तुम्हाला तसं वाटतंय." मी म्हणत नाही की त्यामुळे काही बिघडलं. बिघडायचं ते बिघडलेलंच होतं. त्यांनी केलं ते केलं. पण मशीन लावलं होतं ती पडून होती तेव्हा. तिचा दगड उठून चालताना यायचा. ती माझ्याकडे पाहून हसली. कशाला हसली ते मला एकट्याला समजलं.

तर साहेब गेला. मग वॉर्डाचे मेंबर आले. त्यांच्याकडे ना घड्याळ ना बादली. त्यांनी नळ सोडला, तोटीखाली तळहात धरला आणि चारी बाजूंना पाणी उडवलं. "जोर आहे! अरे, मस्त जोर आहे!" म्हणाले, ओला हात माझ्या खांद्याला पुसल्यासारखा थापटला, आणि गेले. जोर मोजायला आले होते. तोटीवर बोट दाबलं तर सुतासारखं पाणीही लांब उडतं. जोर आहे म्हणून गुंड भरतो काय?

पण बाहेरच्यांचं एक वेळ सोडा. खरी आग लावली ती पहिल्या घरच्या बाईनं. तिचं घर गल्लीच्या तोंडाशी, नळ सगळ्यांत आधी तिचा. आवाज असा की माग चालू असला तरी ऐकू यावा. साहेब गेल्यावर ती ओट्यावर उभी राहून म्हणाली, "मी त पयलेच सांगत होती, नळ मस्त हाय. चुलीत फुंकणी घातली न घातली, माया गुंड भरून जाते. हिचा नाही भरत त हिच्या गुंडालेच भोक असन!"

सगळ्या हसल्या. बायको हसली नाही. ती घरात गेली आणि आपला गुंड राखेनं घासत बसली. साहेबानं खोटी म्हटलं ते तिला लागलंच होतं, पण तो परका. ही तर रोजची, हळदीकुंकवाला येणारी-जाणारी.

दुसऱ्या दिवशी पहाटेचं उजाडलं आणि तिनं आपला गुंड कमरेवर घेतला.

"कुठं जाऊन राहिली वं?" मी विचारलं.

"भोक दाखवायले."

ती सरळ पहिल्या घरी गेली. "वैनी, माया गुंड तुमच्या नळाले लावा. अन् तुमचा द्या माह्याकडं."

त्या बाईनं आपला गुंड आणून दिला आणि दोन्ही गुंड शेजारी ठेवले तेव्हाच अर्ध्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. माझ्या बायकोचा गुंड माहेरचा, लग्नात आलेला, असा पोटाचा की एका माणसाला उचलत नसे. पहिल्या घरचा त्याच्यापुढं लेकरू. इतकी वर्षं दोघी गुंड गुंड म्हणून भांडत होत्या आणि दोघींचा गुंड एक नव्हताच. माझ्याकडे अमुक गुंड होतात, तुझ्याकडे इतकेच कसे, यावरून किती तोंडं सुजली होती त्या गल्लीत! भांड्याचं नाव एक म्हणून माप एक, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. मीसुद्धा.

"बाप्पा! हा गुंड हाय का रांजण?" पहिल्या घरची म्हणाली, पण आवाज थोडा उतरला होता.

मोठा गुंड तिच्या नळाला लावला. ती चूल फुंकत होती, तोवर भरला. मग तिचा लहान गुंड घेऊन दोघी वर आमच्या घरी आल्या. मागून बाकीच्या बायकाही आल्या. नळाखाली गुंड ठेवला. सूत सुरू झालं. बायकोनं मुद्दाम परात घेतली आणि कणीक मळायला बसली. पहिल्या घरची कमरेवर हात ठेवून उभी. कणीक मळून होत आली. लहान गुंडसुद्धा अर्ध्यावर.

"एवढंच येते व्हय?" तिनं विचारलं.

"एवढंच. आता तुमचा नळ बंद करून या."

तिनं खाली हाक मारली. तिच्या जावेनं तिकडचा नळ बंद केला. आणि आमच्या नळानं एकदा खोकल्यासारखं केलं, हवा सोडली, आणि पाणी जाड झालं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

पहिल्या घरची पाहत राहिली. "अवं माय," ती म्हणाली, "म्हणजे तुयं पाणी मीच पिऊन राहिली काय?"

"तुम्ही नाही वैनी. पाइप लहान हाय."

मला वाटलं होतं माझी बायको आता तिला चांगली सुनावेल. सुनावायला पाहिजे होतं. ती म्हणाली, पाइप लहान आहे. आणि त्या दोघी तिथंच नळाशी उकिडव्या बसून ठरवायला लागल्या की साहेबाला हे दाखवायचं कसं. साहेब सकाळी येणार नाही, हे नक्की होतं. बायको ऑफिसात जाऊन विनवून आली होती, तर तिला उत्तर मिळालं, ऑफिसची वेळ अकरा.

"तो सकाळी येत नाही त आपण अकराले सकाळ करू," पहिल्या घरची म्हणाली.

युक्ती तिची. ती कोणाला वाईट वाटली नाही. तिसरा अर्ज गेला. साहेब यायच्या दिवशी सगळ्या बायकांनी अकराच्या ठोक्याला आपापले नळ सोडले, खाली बादल्या, टोप, गंगाळ, जे असेल ते लावलं, आणि रोज सकाळी जे करायच्या तेच करायला लागल्या. कोणी धुणं घेतलं, कोणी भांडी. कोणाला धुवायला काही उरलंच नव्हतं, तर तिनं धुतलेलं पुन्हा धुतलं. आमच्या नळाला सूत लागलं. रोजचंच. बायकोनं त्याच्याखाली गुंड ठेवला.

साहेबानं बादली लावली. घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. घड्याळ कानाला लावून पाहिलं. माझ्या मनात तेव्हा काय झालं ते सांगत नाही, नळाला हात जोडायचे तेवढे राहिले होते.

मग तो मागं वळला आणि गल्लीतून खाली चालत गेला, एकेका दारात डोकावत. पहिल्या घरच्या बाईला त्यानं विचारलं, "काय धुता?"

"लुगडं."

"हे तर वाळलेलं होतं. त्या दोरीवरून काढलंत तुम्ही, मी येताना पाहिलं."

तिनं लुगडं पुन्हा बादलीत बुडवलं. तो गल्लीच्या मधोमध उभा राहिला. "ही शुद्ध फसवणूक आहे! मुद्दाम सगळे नळ उघडून ठेवलेत. असं मोजतात का? बंद करा सगळे, मग दाखवतो खरं पाणी किती आहे ते."

"अन् सकाळी कोण बंद करून देईन आम्हाले?" बायकोनं विचारलं.

"तुम्ही खोटं बोलता. ह्या पण खोटं बोलतात," पहिल्या घरचीकडे बोट दाखवून तो म्हणाला. "पुन्हा असं केलंत तर सगळ्या गल्लीचं कनेक्शन तोडीन."

न्याय पाहा. सगळे नळ बंद असताना मोजलं ते खरं. सगळे उघडे असताना मोजलं ती फसवणूक. मग आम्ही रोज सकाळी जगतो ते काय आहे? गल्लीत राहायचं आणि नळ कोणी उघडायचा नाही, तेव्हा पाणी भरपूर! असा हिशेब मी तोवर ऐकला नव्हता. आता मनीषनगरात ऐकतो.

तो गेल्यावर पहिल्या घरच्या बाईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मले खोटी म्हणते?" तिनं ते ओलं लुगडं ओट्यावर आपटलं. "माया बापानं नाही म्हटलं कधी. याच्या मायले..." पुढचं मी लिहीत नाही.

"आता समजलं कसं वाटते ते?" बायको तिला म्हणाली. टोमणा होता, पण हसून मारलेला. ती बाई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

पाइप मोठा होणार नाही, हे आता सगळ्यांना समजलं. मग त्या दोघींनीच पाळी लावली. सकाळी आधी चढावरची शेवटची घरं नळ सोडतील, ती भरली की मधली, मग पुढची. पहिलं घर सगळ्यांत शेवटी. ही पाळी तिनंच मागून घेतली. पहिले काही दिवस ती ओट्यावर रिकामा गुंड घेऊन बसायची आणि वर तोंड करून ओरडायची, "झालं काय वं राण्यांनो? का आंघोळीले म्हशी उतरवल्या?" पण नळाला हात लावायची नाही. आणि आश्चर्य असं की शेवटी तिलाही पाणी वेळेवर मिळायला लागलं, कारण कोणी भीतीपोटी उगाच भरून ठेवेना. माझ्या ताण्याला ऊन चढायच्या आत खळ लागू लागली.

आणि नेमका तेव्हा साहेब सकाळी आला.

अचानक आला, उजाडता उजाडता, स्कूटरवर. केस ओले, दाढी अर्धवट. आम्ही पुन्हा काही बनवाबनवी करतो काय ते पकडायला. सरळ आमच्या अंगणात. शेवटच्या घरांची पाळी होती, पाणी जाड येत होतं. त्यानं गुंड भरताना पाहिला. मग मधल्या घरांत गेला, तिथं त्यांची पाळी लागल्यावर पाणी चांगलं. मग पुढं. सगळीकडे चांगलं.

तो परत वर आला. बायका जमल्या होत्या. तो रागावलेला नव्हता आता, उलट खूश होता, आणि तेच मला सहन झालं नाही. "बघा बाई," तो म्हणाला, "तुम्हीच म्हणत होता ना सकाळी या. आलो. सकाळी मोजलं. आता बोला."

"साहेब, नळ नाही सुधरला," बायको म्हणाली. "आम्ही सुधरलो."

त्याला ते समजलं नाही. तिनं त्याला पाळी सांगितली, हातानं दाखवलं, आधी हे, मग ते. तो ऐकत होता आणि घड्याळ पाहत होता. शेवटी म्हणाला, "ते तुमचं आपसातलं झालं. मला पाणी दिसतंय. तुम्ही एवढंच म्हणा ह्या सगळ्यांसमोर, की तक्रार खोटी होती. मग तो फसवणुकीचा विषय मी सोडून देतो. नाहीतर कनेक्शनचं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

सगळ्यांचे नळ तिच्या एका वाक्यावर होते. मला वाटलं म्हणून टाकेल. म्हटलं असतं तरी मी काही बोललो नसतो. पण आतून मला वाटत होतं की हिनं हे म्हणू नये.

बायकोनं पदर नीट केला. "पाणी आलं म्हणून म्हणते. सकाळी आलं, तुम्ही पाहिलं, तेही म्हणते. तक्रार खोटी होती म्हणून नाही म्हणत."

"म्हणजे तोडू कनेक्शन?"

पहिल्या घरची पुढं झाली. "पयले मायं तोडा. लाइनीत पयला नळ माया हाय."

तिच्यामागून कोणीतरी म्हणालं, मग माझं. मग आणखी कोणीतरी. तो एकेकीकडे पाहत राहिला. बादलीवाला त्या दिवशी सोबत नव्हता, हसायला कोणी नव्हतं. त्यानं स्कूटरला किक मारली, ती दोनदा मारूनही लागली नाही, म्हणून उतारावरून तशीच ढकलत नेली.

कनेक्शन त्यानं तोडलं नाही. पाइपही बदलला नाही. आम्ही ती गल्ली सोडली तोपर्यंत तोच पाइप होता आणि तीच पाळी होती. त्याच्या ऑफिसात तक्रार खोटीच राहिली असणार.

त्या दिवशी मी घरात येऊन खूप ओरडलो. मागाच्या फळीवर हात आपटला. ती खळ ढवळत होती. "तुम्ही काहून तापून राहिले?" म्हणाली. "खोटी मले म्हटलं त्यानं, तुम्हाले नाही."

"मग तुले राग नाही आला?"

"आला न. पण पाहा, पयल्यांदा आला तेव्हा नळ बंद होते, त त्याले पाणी दिसलं. दुसऱ्यांदा आपण नकली सकाळ दाखवली. तिसऱ्यांदा खरी सकाळ पाहायले आला, त ती आपणच बदलून टाकली होती. त्यानं पाहिलं तेच सांगितलं बिचाऱ्यानं."

बिचाऱ्यानं! एवढा मोठेपणा तिच्याजवळ होता. माझ्याजवळ तो नाही, आणि ती गेल्यापासून तर मुळीच नाही. तो तीनदा आला. एकदा स्वतःच्या वेळेला, पुन्हा स्वतःच्याच वेळेला, आणि एकदा पकडायला. तिनं सांगितलेल्या वेळेला, ती म्हणते ते खरं असेल असं मनात धरून, एक गुंड भरेपर्यंत तिच्या बाजूला उभा राहायला तो एकदाही आला नाही.